जर्मनच्या भगुन्याचा जोड

आपल्या मराठवाड्यात ॲल्युमिनियमच्या भांड्यांना जुनी माणसे आजही ‘जर्मनची भांडी’ म्हणतात. जर्मनचे भगुने, जर्मनची परात, जर्मनचा डबा. ही भांडी काही जर्मनीहून आलेली नव्हेत. ‘जर्मन सिल्व्हर’ नावाचा तांबे, जस्त आणि निकेल यांचा पांढरा मिश्रधातू त्याआधी बाजारात आलेला होता. त्याच्या रंगावरून मागाहून आलेल्या या पांढऱ्या धातूलाही तेच नाव चिकटले असावे. नाव परके असले तरी भांडे मात्र गरिबाच्या चुलीवर घरच्यासारखे नांदले. हलके, स्वस्त, लवकर तापणारे आणि कल्हईची गरज नसलेले.

पण या जर्मनच्या भांड्याची एक खोड गावातल्या कारागिरांना चांगली ठाऊक होती. तांब्याच्या घागरीला भोक पडले तर डाख देता येई. पितळी तपेलीचा काठ सुटला तर तो झाळून घेता येई. लोखंडाचे दोन तुकडे तर लोहार भट्टीत तापवून घणाखाली एक करी. जर्मनच्या भगुन्याला मात्र डाख धरत नसे. वितळलेले कथील त्याच्यावरून थेंबाथेंबाने घरंगळून जाई. मग भोकाला चकती लावून रिबीट मारायचे, नाहीतर भगुने मोडीत घालायचे, एवढेच दोन मार्ग उरत.

हा धातू जोडून का घेत नाही, आणि माणसाने त्याला जोडून घ्यायला कसे लावले, याचीच गोष्ट आज आपण पाहणार आहोत. या गोष्टीत विलायतेतले शास्त्रज्ञ आहेत, सोलापूरचे एक उद्योगपती आहेत आणि गल्लीतला कल्हईवालाही आहे. गोष्टीचे मर्म विजेत आहे. पण वीज किती, यापेक्षा वीज कोणत्या दिशेने वाहते, यात ते जास्त आहे.

सुरुवात कल्हईवाल्यापासूनच करू. तो भांडे तापवतो, कथलाची कांडी फिरवतो, आणि त्याआधी चिमूटभर पांढरी पूड टाकतो. धुराचा पांढरा लोट उठतो, नाकाला झोंबतो. ती पूड म्हणजे नवसागर. कापसाच्या बोळ्याने तो नवसागर पुसून घेताच तांब्याचे अंग लख्ख होते आणि कथील त्यावर पसरते. सोनारही दागिन्याचा जोड झाळण्याआधी टाकणखार लावतो. नवसागर आणि टाकणखार, दोघांचे काम एकच. हवेतल्या प्राणवायूमुळे तापलेल्या धातूवर जो पापुद्रा धरतो, तो काढून टाकायचा. धातू धातूला तेव्हाच भेटतो, जेव्हा मधला पडदा दूर होतो. शेतकरी आधी कुळवणी करतो आणि मग पेरतो, तसाच हा क्रम आहे. आधी अंग स्वच्छ, मग जोड.

ॲल्युमिनियमची अडचण इथेच आहे. त्याच्या अंगावरचा पापुद्रा फार पातळ, डोळ्यांना न दिसणारा. पण विलक्षण चिवट. खरवडून काढला तर क्षणात पुन्हा धरतो. हा पापुद्रा म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. शिकलगाराच्या सहाणेतला कुरुंद तोच. त्याच कुरुंदात निसर्गाने दुसऱ्या द्रव्याची किंचित भेसळ केली की माणिक होते, नीलम होतो. म्हणजे आपल्या घरातले दहा ठिकाणी पोचे आलेले भगुने अंगावर माणकाच्या जातीचा अंगरखा घालून बसलेले असते!

आता आकडे पाहा. ॲल्युमिनियम वितळते सुमारे ६६० अंश सेल्सिअसला. त्यावरचा हा पापुद्रा वितळतो २००० अंशांच्याही पुढे. कारागीर आग लावतो तेव्हा आतला धातू पाणी होतो. पण वरची पिशवी तशीच राहते. दोन तुकडे शेजारी वितळतात आणि तरीही एकमेकांत मिसळत नाहीत. त्यात आणखी एक गोष्ट. लोखंड तापले की लाल होऊन, मग पिवळे होऊन कारागिराला इशारा देते. ॲल्युमिनियम रंग न बदलता एकाएकी ढासळते. समोर तुकडा असतो आणि पुढच्या क्षणी तिथे भगदाड असते.

या धातूचा जन्मही विजेच्या हातून झालेला आहे. १८२५ मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी तो प्रथम वेगळा केला. १८५४ मध्ये फ्रान्सच्या सेंत-क्लेअर देव्हिल यांनी रासायनिक रीतीने तो थोड्या जास्त प्रमाणात काढण्याची युक्ती शोधली. तरी तो इतका महाग होता, की १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात तो मौल्यवान वस्तू म्हणून मांडला गेला. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या उंच स्मारकाच्या टोकावर बसवायला त्याचीच टोपी केली गेली.

मग आले १८८६ साल. अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल हेरू, एकमेकांना न ओळखणारे दोन तरुण. दोघांचाही जन्म १८६३ चा. दोघांनी जवळजवळ एकाच वेळी एकच रीत शोधली. वितळलेल्या क्रायोलाइट क्षारात ॲल्युमिनाची पूड विरघळवायची आणि त्यातून वीज सोडायची. तळाशी शुद्ध ॲल्युमिनियम जमते. योगायोग असा, की दोघांचे निधनही १९१४ या एकाच वर्षी झाले. आजही जगातले ॲल्युमिनियम याच रीतीने निघते आणि एक किलो धातूसाठी चौदा युनिटांच्या आसपास वीज लागते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. या कामाला जी वीज लागते ती एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी. दिशा सारखी बदलत राहिली तर धातू तळाशी जमणारच नाही. म्हणजे ॲल्युमिनियम डीसीच्या पोटी जन्मले. पुढे त्याचा जोड लावायची वेळ आली तेव्हा मात्र ही जन्मदात्री एकटी पुरी पडली नाही.

आपल्या देशात हा धातू भांड्यांच्या रूपाने आला. मद्रासच्या कलाशाळेत १८९८ च्या सुमारास अल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी घडवायला सुरुवात केली आणि १९०० मध्ये तिथे इंडियन ॲल्युमिनियम कंपनी उभी राहिली. पत्रा परदेशातून यायचा, ठोकून भांडी इथे व्हायची. देशात प्रत्यक्ष धातू गाळला जाऊ लागला तो १९४३ मध्ये, केरळातल्या अलुपुरम येथे. महाराष्ट्राचा या धातूशी संबंध मातीचा आहे. कोल्हापूर जिल्ह्यात सह्याद्रीच्या माथ्यावर, राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या सड्यांवर जी तांबूस जांभी माती दिसते, तिच्यात बॉक्साइट आहे. १९७० च्या सुमारास बेळगावला ॲल्युमिनियमचा कारखाना उभा राहिला आणि या डोंगरांतले बॉक्साइट तिकडे जाऊ लागले. कोल्हापूरच्या डोंगरातून निघालेल्या मातीची भगुनी आणि विजेच्या तारा झाल्या.

आता आपल्या शेजारच्या सोलापुरात येऊ. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी जहाजे बांधली, साखर कारखाना काढला आणि डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही विमानांची कंपनी स्थापन केली. आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे ते मूळ. त्या काळच्या विमानाचे चित्र जवळून पाहा. त्याच्या पत्र्यावर ओळीने ठिपकेच ठिपके दिसतात. ते रिबीट आहेत. एकेका विमानाला हजारो रिबीट लागत. म्हणजे आकाशात उडणारे विमान आणि गल्लीत ठाकठीक केलेले जर्मनचे भगुने, दोघांचा इलाज एकच होता! विमानाच्या मिश्रधातूंना वितळवून जोडले तर जोडाजवळ चिरा पडत आणि ताकद कमी होई, हे रिबिटांमागचे मोठे कारण होते. पण तो हट्टी पापुद्राही वाटेत उभा होताच.

पापुद्र्याशी झालेली लढाई समजून घ्यायची, तर एसी आणि डीसी यांतला फरक आधी स्पष्ट व्हायला हवा. शाळेच्या पुस्तकात त्यांना प्रत्यावर्ती आणि दिष्ट प्रवाह म्हणतात. बॅटरीची वीज डीसी; ती ओढ्यासारखी एकाच दिशेने वाहते. आपल्या घरातल्या बटनातून येते ती एसी; ती झोपाळ्यासारखी पुढे-मागे होते, सेकंदाला ५० वेळा. मुंबईची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ ला विजेवर धावू लागली ती १५०० व्होल्टच्या डीसीवर. टप्प्याटप्प्याने ती एसीवर नेण्याचे काम पुरे व्हायला २०१६ साल उजाडले. गाडी दोन्ही विजांवर धावते, प्रवाशाला फरकही कळत नाही. पण जोडकामात तो फरक अक्षरशः वितळून समोर येतो.

विजेच्या ठिणगीने धातू जोडण्याची कला १८८० च्या दशकातली. रशियातल्या निकोलाय बेनार्दोस यांनी १८८५ मध्ये कोळशाच्या कांडीचे पेटंट घेतले. कांडी आणि लोखंड यांच्यामध्ये विजेचा झोत पेटवायचा आणि त्या आगीत लोखंड वितळवायचे. १८८८ मध्ये स्लाव्ह्यानोव्ह यांनी कोळशाऐवजी धातूचीच कांडी वापरली. हे सगळे सुरुवातीला डीसीवर, कारण एसीचा झोत दर झोक्याला क्षणभर विझतो. ५० झोक्यांत शंभर वेळा. पुढे कांडीला खास लेप देण्याची युक्ती निघाली, लेपाच्या वायूंत झोत टिकू लागला आणि एसीवरही लोखंड जोडता येऊ लागले. आपल्याकडे शेतीची अवजारे, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॉल्या जोडणारी तेलात बुडवलेली जड ट्रान्सफॉर्मरची मशीन त्याच वंशातली. मुंबईत १९५१ मध्ये अडवानी-ओर्लिकॉन कंपनी स्थापन झाली आणि वेल्डिंगच्या कांड्या देशातच तयार होऊ लागल्या.

लोखंडाचे भागले. ॲल्युमिनियमसाठी मात्र तेव्हा गॅसची ज्योत आणि क्लोराइड-फ्लोराइडची तिखट पूड एवढाच उपाय होता. ही पूड म्हणजे कल्हईवाल्याच्या नवसागराचीच थोरली बहीण. ती पापुद्रा खाई, पण जोडानंतर नीट धुतली नाही तर धातूही खाऊ लागे. पाइपाच्या आतल्या कोपऱ्यात राहिलेली पूड काही महिन्यांनी भोक पाडून बाहेर येई. विमानात असा जोड कोण ठेवणार?

दुसऱ्या महायुद्धाच्या धांदलीत, १९४१ च्या सुमारास, कॅलिफोर्नियातल्या नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी वेगळा मार्ग काढला. त्यांना मॅग्नेशियम जोडायचे होते. तोही ॲल्युमिनियमसारखाच हवेला चटकन लागणारा धातू. त्यांनी टंगस्टनची न वितळणारी कांडी घेतली आणि तिच्याभोवती हेलियम वायूचे पांघरूण घातले. हवाच आत येऊ दिली नाही, तर नवा पापुद्रा धरणार कसा? १९४२ मध्ये त्यांना पेटंट मिळाले आणि या रीतीला ‘हेलिआर्क’ नाव पडले. आज तिलाच टिग म्हणतात. हेलियमचा आपल्या भूमीशीही संबंध आहे. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण आपल्या कोकणातल्या विजयदुर्गपासून आंध्रातल्या गुंटूरपर्यंत दिसले होते. त्या ग्रहणाच्या निमित्ताने सूर्याच्या प्रकाशात जी पिवळी रेघ नजरेस आली, तिच्यातूनच पुढे या वायूची ओळख पटली.

हवेचा बंदोबस्त झाला. पण आधीच अंगावर असलेल्या पापुद्र्याचे काय? इथे प्रवाहाच्या दिशेचा प्रश्न उभा राहिला, आणि तो तीन पावलांत सुटला.

पहिले पाऊल. टंगस्टनला धन टोक आणि कामाला ऋण टोक जोडून डीसी सोडला. चमत्कार असा, की झोताखाली पापुद्रा आपोआप फुटून उडू लागला. या जोडणीत इलेक्ट्रॉन ॲल्युमिनियममधून बाहेर पडतात आणि वायूचे जड कण उलट येऊन त्याच्यावर आदळतात. त्या माऱ्यात पापुद्रा तुटतो. नवसागराचे काम विजेने केले! पण उष्णतेचा मोठा वाटा धन टोकाकडे जातो आणि इथे धन टोक म्हणजे टंगस्टन. सुमारे ३४०० अंशांवर वितळणारा टंगस्टनही तापून ढासळू लागला आणि त्याचे कण जोडात पडू लागले.

दुसरे पाऊल. टोके उलटी केली. टंगस्टन ऋण, काम धन. आता उष्णता कामात खोल उतरली, टंगस्टन थंड राहिला. पण साफसफाई थांबली. लोखंडाला, स्टेनलेस स्टीलला ही जोडणी उत्तम, ॲल्युमिनियमला नाही. पापुद्रा पुन्हा मध्ये उभा.

तिसरे पाऊल. दिशा एकच का असावी? एसी घ्यावा. अर्ध्या झोक्यात झाडू फिरेल, अर्ध्या झोक्यात आग लागेल. कुळवणी आणि पेरणी, सेकंदाला पन्नास वेळा, आलटून पालटून. झोक्याच्या मधल्या क्षणी झोत विझू नये म्हणून वरून अतिउच्च वारंवारतेच्या विजेची बारीक ठिणगी सोडण्यात आली. जवळपास असे मशीन चालू असेल तर रेडिओवर खरखर येते, त्यामागे पुष्कळदा हीच ठिणगी असते. असा हा एसी ॲल्युमिनियमच्या जोडाचा मध्यस्थ झाला. दोन टोकांपैकी कुणाचाही पूर्ण विजय न करता दोघांनाही आपापली वेळ देणारा.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, ठरले तर मग, ॲल्युमिनियमला एसीच हवा. पण थांबा. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या बॅटेल संस्थेत मिग नावाची दुसरी रीत तयार झाली, आणि तीही मुख्यतः ॲल्युमिनियमसाठीच. इथे न वितळणारा टंगस्टन नाही. रिळावरून ॲल्युमिनियमची तार एकसारखी पुढे येते आणि स्वतःच वितळून जोडात पडते. या रीतीत डीसी वापरतात, तोही तार धन आणि काम ऋण अशा जोडणीत. म्हणजे टिगमध्ये जी दिशा टंगस्टनच्या जिवावर उठली, तीच इथे वरदान ठरली. कारण सोपे आहे. तार तर वितळायलाच हवी. तिच्याकडे गेलेली उष्णता वाया जात नाही, उलट कामी येते. आणि त्याच वेळी कामाच्या अंगावरचा पापुद्राही साफ होत राहतो. एकाच दगडात दोन पक्षी.

लेप दिलेल्या ॲल्युमिनियमच्या कांड्याही मिळतात. त्यांनाही कांडी धन असलेला डीसीच लागतो. पापुद्र्याचा समाचार तिथे लेपातले क्षार घेतात. आणि जाड ॲल्युमिनियमसाठी, कडा आधी काटेकोर साफ करून, हेलियमच्या पांघरुणात ऋण टंगस्टनचा डीसीही वापरतात. तेव्हा ‘ॲल्युमिनियमला कोणती वीज?’ या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर नाही. खरा प्रश्न असा, की या रीतीत पापुद्रा कोण काढणार आणि उष्णता कुणाच्या अंगावर पडणार? या दोन प्रश्नांची उत्तरे दिली, की वीज आपोआप ठरते.

पुढच्या काळात मशीनने या झोक्यावर ताबा मिळवला. १९७० च्या दशकात चौकोनी लाटेचा एसी आला. दिशा इतक्या झटकन बदलू लागली, की झोत विझायला सवड राहिली नाही. त्यानंतर इन्व्हर्टरची मशीन आली. झाडूला किती वेळ द्यायचा आणि आगीला किती, सेकंदाला किती झोके घ्यायचे, हे कारागीर बटन फिरवून ठरवू लागला. जुनाट, मळकट तुकडा असेल तर झाडू जास्त. नवा स्वच्छ पत्रा असेल तर आग जास्त. आणि १९९१ मध्ये इंग्लंडमधल्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये वेन थॉमस यांनी तर झोतच बाजूला ठेवला. फिरता दांडा दोन तुकड्यांच्या सांध्यात दाबून, घर्षणाने धातू मऊ करून, कणीक तिंबावी तसा तो एकमेकांत कालवायचा. धातू वितळतच नाही, त्यामुळे विमानाच्या ज्या मिश्रधातूंना वितळजोड मानवत नव्हता, तेही या रीतीने जोडता येऊ लागले. पुण्यात ६ मार्च २०२२ ला जी मेट्रो सुरू झाली, तिचे डबे ॲल्युमिनियमचे आहेत. गल्लीतल्या भगुन्याला न धरणारा जोड आता माणसांनी भरलेले डबे पेलतो आहे.

हे सारे मी उमरग्यात बसून का सांगतो आहे? आमच्या गावातून पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्ग जातो. महामार्गाच्या गावाला दुरुस्तीवर जगणारी माणसे असतातच. टायरवाले, बॅटरीवाले, वेल्डिंगवाले, रेडिएटरवाले. त्यांतल्या रेडिएटरवाल्यांची गोष्ट पाहण्यासारखी आहे. जुन्या ट्रकचा रेडिएटर तांब्या-पितळेचा असे. गळू लागला तर तो उतरवायचा, ॲसिडने धुवायचा, डाख द्यायचा, की पुन्हा हजारो किलोमीटर तयार. कल्हईच्या धंद्यातला हात या कामात सहज बसे. मग ॲल्युमिनियमचे रेडिएटर आले, बाजूला प्लास्टिकच्या टाक्या असलेले. पातळ नळ्या, डाख धरत नाही, जोड लावायला खास मशीन आणि त्याहून खास हात लागतो. दुरुस्तीच्या जागी ‘बदलून टाका’ आले. ज्या धातूने कल्हईवाल्याच्या चुलीतला जाळ मंदावला, त्यानेच रेडिएटरवाल्याचा डाखही थंड केला.

आणि हा धातू वाढतच जाणार आहे. वाहन हलके करायचे तर तो हवा. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटरीच्या पेट्या, ट्रकच्या टाक्या, दुधाचे कॅन, मोटारसायकलच्या इंजिनाची झाकणे, सौर पॅनेलच्या चौकटी, सगळीकडे तोच. शेजारच्या लातुरात २०१८ मध्ये रेल्वे डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी झाली. आपल्या भागातल्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी जोडकाम ही केवळ पोटापुरती मजुरी राहिलेली नाही.

पण इथेच एक खाचखळगा आहे. आज दहा-बारा किलोची, खांद्याला अडकवता येणारी इन्व्हर्टर मशीन बाजारात आहेत. त्यांच्यावर ठळक अक्षरांत ‘टिग’ लिहिलेले असते. बटन घरच्या एसीचे, म्हणून मशीनही एसीचे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्यांतली बरीच मशीन आत आलेल्या एसीचा डीसी करून बाहेर देतात. लोखंड, स्टीलला ती झकास चालतात. ॲल्युमिनियमला टिगच्या रीतीने चालत नाहीत. उलट घरातले जुने ट्रान्सफॉर्मर मशीन एसी देते खरे. पण त्यावर ॲल्युमिनियमची लेपाची कांडी लावली तर ती चालत नाही, कारण त्या कांडीला डीसी हवा. एसी देणारे मशीन कांडीला चालत नाही आणि डीसी देणारे टिगला चालत नाही! कर्ज काढून मशीन घेणाऱ्या तरुणाला ही दोन वाक्ये दुकानात जाण्याआधी कळली, तर त्याचे हप्ते वाचतील. त्याने विचारायचा प्रश्न एवढाच: हे मशीन बाहेर कोणती वीज देते? एसी आणि डीसी दोन्ही, की फक्त डीसी?

हा प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर ज्या माहितीपुस्तिकेत असते ती बहुधा इंग्रजीत असते. वापरणारा हात मात्र घरी मराठी बोलतो, दखनी बोलतो, कन्नड बोलतो. आपल्या भाषेत या कलेचे शब्द नव्हते असे नाही. डाख होता, झाळ होती, कथील होते, नवसागर होता, टाकणखार होता, कुरुंद होता. तांब्या-पितळेच्या युगाचे सगळे ज्ञान या शब्दांत मुरलेले होते, म्हणून ते बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे बोलता बोलता गेले. ॲल्युमिनियमच्या युगात शब्दांचा हा धागा सैल झाला. मी एसी, डीसी, टिग, मिग या शब्दांवर रुसलेलो नाही. ते आता आपलेच झाले आहेत, जसा रिबीट झाला. त्या शब्दांमागचे कारण मराठीत सांगितले जावे, एवढीच माझी मागणी आहे. ‘बटन इकडे फिरव’ एवढे शिकलेला हात मशीन बदलले की अडतो. झाडू कोणता आणि आग कोणती हे ज्याला कळले, तो कोणत्याही मशीनसमोर उभा राहू शकतो.

अशा मुलांच्या हाती मशीन देताना त्यांना आधी एखाद्या म्हाताऱ्या कल्हईवाल्याच्या भट्टीपाशी तासभर बसवावे, असे मला वाटते. नवसागराची चिमूट पडताच तांबे कसे उजळते आणि कथील कसे धावत जाते, ते त्यांनी पाहावे. मग टिगच्या काळ्या काचेतून बघताना ॲल्युमिनियमवर झोताभोवती जो पांढरा स्वच्छ पट्टा उमटतो, त्याचा अर्थ त्यांना वेगळा शिकवावा लागणार नाही.